भिंतीकडच्या कडेची काठी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि मग घरी जाऊन सांगाल की गोष्टीत काही दम नव्हता. आज तुम्हाला एका काठीची गोष्ट सांगतो. काठी ती केवढी, छत्तीस इंचांची. पण तिने माझे तीन आठवडे खाल्ले, पटाशीची धार सहा वेळा खाल्ली, आणि देवाने जन्मभर पुरवून वापरायला म्हणून जेवढा धीर मला दिला होता तेवढा एका झटक्यात संपवला.

मी कातारी. लाकडाचा तुकडा लेथवर गरगर फिरवायचा, त्याला पटाशी लावायची आणि त्यातून गोल काहीतरी काढायचं. खुर्चीचे पाय, दाराच्या मुठी, वाडगे, लाटणी. त्यामुळे केसांत, भुवयांत, खिशात कायम भुसा. म्हणून माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मला भुश्या म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचा झालोय मी, दोन नातवंडांचा आजोबा आहे. पण त्यांच्या लेखी भुश्या तो भुश्याच.

भाऊजी शिंपी. एकेचाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहून त्यांनी कापड कापलं. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढत का होईना पण चालू लागला. दुकान आवरावं लागलं. मशिनं गेली, आरसा गेला, हँगरसुद्धा गेले. टेबल मात्र घरी आलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, जुन्या सागाचं, चौघांनी उचलायचं धूड. बाहेरच्या खोलीत ते असं ठाण मांडून बसलं की आलेल्या माणसाला पोट आत घेऊन, आडवं चालत आत यावं लागायचं.

पण त्या टेबलावाचून भाऊजींचं पान हलत नव्हतं. डाव्या हाताने त्याची कड धरायची आणि तीन बाजूंनी फिरायचं. चौथी बाजू भिंतीला. खुर्चीपासून खिडकीपर्यंत गेले, खिडकीपासून खुर्चीपर्यंत आले, झालं चालणं. टेबल जिथे संपे तिथे भाऊजीही संपत. त्या पलीकडे जायचं म्हटलं की ताईच्या खांद्यावर हात. ताई कामात असली की कुणाच्याच खांद्यावर नाही. त्यात दोनदा पडले. एकदा स्वयंपाकघराच्या दारात, एकदा न्हाणीघरात.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "आता तिसऱ्यांदा पडले तर खुब्याचं हाड जाईल. मग ते पुन्हा उभे राहतील असं समजू नका. काठी द्या त्यांच्या हातात."

काठी द्या. सांगायला काय जातं!

दवाखान्यातली ॲल्युमिनियमची काठी भाऊजींनी खिडकीला आडवी बांधली आणि तिच्यावर सदरे वाळत घातले. मग मी नव्या लाकडाची, छान गुळगुळीत काठी करून नेली. त्यांनी ती डाव्या तळहातावर तोलली, एक डोळा मिटून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्धा इंच लांब आहे."

"अर्ध्या इंचाने काय होतं भाऊजी?"

"कॉलर अर्धा इंच लांब झाली तर काय होतं, ते गिऱ्हाइकाला विचार." आणि ती काठी त्यांनी ताईला देऊन टाकली. माळ्यावरचे डबे ओढायला.

खरं कारण अर्धा इंच नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि ताईलाही. गल्लीत ज्याला त्याला यांनी ताठ उभं करून मापं घेतली. "खांदे सरळ, मान वर." त्याच गल्लीत आता काठी टेकत जायचं, ते त्यांच्या जिवावर येत होतं. पण तसं म्हणतील तर ते भाऊजी कसले!

मी संध्याकाळी गाऊन कथा सांगणाऱ्या बुवांना ऐकायला जातो. गोष्ट ऐन मोक्यावर आली की बुवा थांबतात आणि गायला लागतात, आणि आपण जीव मुठीत धरून पुढे काय होतं त्याची वाट बघत बसतो. तर असे बुवा थांबलेले, पहिला सूर लागलेला, आणि माझ्या खिशात फोन वाजला. आजूबाजूच्या साठ माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी वाकून बाहेर आलो.

"अरे, मला सुचलंय," ताई म्हणाली.

"ताई, आत्ताच सुचायचं होतं?"

"ऐक तर. ते टेबल सोडून कशाला हात लावत नाहीत ना? मग टेबलाचीच काठी कर."

"टेबलाची?"

"टेबलाच्या कडेची. एकेचाळीस वर्षं ज्या लाकडाला हात लावलाय ते लाकूड कसं झिडकारतील?"

मला म्हणायचं होतं की ताई, जुनं लाकूड म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही. त्यात खिळे असतात, खडे असतात, कुणी कधी भेगांत भरलेली लांबी असते. बाहेरून साधं दिसतं आणि आत काय दडवून बसलंय ते पटाशी लागेपर्यंत सांगत नाही. पण ती रडत होती. फोनवर आवाज न करता रडायची तिची पद्धत मला लहानपणापासून ओळखू येते. मी म्हटलं, "करतो."

आता भाऊजींना कोण विचारणार? अर्थात मी.

"टेबलाला करवत?" ते असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या पायालाच करवत लावतोय. "शुद्धीवर आहेस का भुश्या?"

"दोन इंचांची पट्टी हवी फक्त. एका कडेची."

"मग मी धरू काय?"

"काठी धरा!"

"काठी हवी म्हणून टेबल कापायचं, आणि टेबल कापलं म्हणून काठी धरायची. वा! चांगला धंदा काढलायस."

आतून ताईने भांडं आपटलं. एकच, पण असं आपटलं की खिडकीवरचे सदरे हलले. भाऊजींनी टेबलाच्या पलीकडे, भिंतीकडे बघितलं. मला वाटलं रागावलेत. मग एकदम म्हणाले, "भिंतीकडची कड घे. तिकडे कुणी बघत नाही. समोरच्या कडेला नख जरी लावलंस तरी याद राख."

दुसऱ्या दिवशी टेबल भिंतीपासून ओढलं. भिंतीकडच्या कडेवर जुनं रेक्झिन मारलेलं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं. ते ओरबाडून काढलं तर खाली सरसाचा आणि मळाचा काळा थर. मी पट्टी कापत होतो आणि भाऊजी खुर्चीतून सूचना देत होते.

"हळू. उसवतोयस की फाडतोयस?"

"कापतोय."

"कापताना हात असा चालत नाही. असा चालतो." डाव्या हाताने हवेत कात्री चालवून दाखवली. करवतीला कात्रीचं शिकवताय, असं म्हणणार होतो, पण गिळलं.

पट्टी निघाली. राहिलं माप. मागच्या वेळचा अर्धा इंच माझ्या डोक्यात बसला होता, म्हणून म्हटलं, आता तुम्हीच घ्या. भाऊजी टेबलाला टेकून उभे राहिले, डावा हात सरळ खाली सोडला. ताई खाली बसून टेपचं एक टोक त्यांच्या टाचेशी धरून होती, दुसरीकडचा टेप मी त्यांच्या मनगटापाशी नेला. भाऊजींनी मान वाकडी करून आकडा वाचला आणि जाहीर केला, "छत्तीस."

मी खिशातून पेन्सील काढली. तेवढ्यात ताईने तोच टेप गुंडाळून माझ्या खिशात कोंबला.

"हाच ने. तुझी ती पोलादी पट्टी वापरू नकोस. मग पुन्हा अर्धा इंच, पाव इंच, माझ्याच्याने नाही ऐकवत. त्यांचं माप, त्यांचा टेप. बोलायला जागाच नको."

किती शहाणपणाचं बोलली होती! मलाही पटलं. देव वर बसून हसत असणार.

कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे काय, एक लेथ, एक बाक आणि भुशाचे ढीग. आधी लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडावर काम करणाऱ्याने हे केलंच पाहिजे, नाही तर पटाशी जाते, कधी डोळाही जातो. चुंबक टक टक चिकटत गेलं. रेक्झिनचे बारीक खिळे, एकाहत्तर. एकेक पकडीने उपटला. तरी पुन्हा दोनदा चुंबक फिरवलं. काही नाही. लाकडावर काळे डागही बघितले. लोखंडाचा खिळा आत मोडून राहिला की भोवतालचं लाकूड काळवंडतं, ती खूण. तीही नाही. मी खूश. खडूने टेपच्या टोकापासून छत्तीसवर खूण केली, जास्तीचा तुकडा कापून जळणाच्या पोत्यात टाकला आणि काठी लेथवर चढवली.

लांब काठी लेथवर मधेच नाचायला लागते, म्हणून मध्यावर आधार लावला. पटाशी टेकवली. वरचा काळा थर उडाला आणि खालून सोन्यासारखा साग निघाला. सुगंध असा सुटला की मी मघाचा सगळा वैताग विसरलो. देवाचं नाव घेत दोन फेरे मारले.

आणि खट्ट.

लेथ थांबवला. पटाशीच्या धारेला नखाएवढी खांड. काठीवर बघतो तर पिवळा ठिपका, चमकणारा. पितळ! पितळेला चुंबक कसलं धरतंय! आणि पितळ लाकडाला काळंही करत नाही. खिळ्याचं डोकं कुणीतरी कधीच कापून टाकलेलं, नुसती तार आत राहिलेली. म्हणजे बाहेरून दिसायची सोयच नाही.

धार लावली. पुन्हा सुरू केलं. वीतभर पुढे गेलो. खट्ट.

तिसऱ्या खिळ्याला मी असं काही बोललो की देवाने ऐकलं नसेल अशी आशा आहे. खिळे उपटावे म्हटलं तर धरायला डोकं नाही. खोदून काढावे तर काठीला भोकं. शेवटी ठरवलं, राहू दे तिथेच, लाकडाबरोबर पितळही कातून काढू. एक खिळा, एक धार. असे सहा खिळे निघाले आणि सहा वेळा मी सहाणेपाशी जाऊन बसलो. काठी तयार झाली तेव्हा तिच्या अंगावर एका रेषेत सहा पितळी ठिपके होते, सारख्या अंतरावर. दिसायला खरं तर देखणे. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त पटाशी. जवसाचं तेल चोळलं, खाली रबरी टोपी बसवली आणि घेऊन गेलो.

दार ताईनेच उघडलं. काठी बघून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. "किती सुंदर झालीय रे!"

"त्यांना बोलू दे आधी."

भाऊजी टेबल धरून उभे होते. काठी डाव्या हातात घेतली. टेकली. आणि उभे होते तिथेच डाव्या बाजूला कलले, मोडक्या हँगरवरच्या कोटासारखे.

"आखूड आहे."

"काय?"

"आखूड. दोन इंच."

माझ्या कानातून वाफ निघाली असेल. "भाऊजी, छत्तीस इंच आहे. तुमचं माप. तुमचा टेप."

"चौतीस आहे."

"हा घ्या टेप!" मी टेप काढला, काठीच्या टोकाला लावला, खालपर्यंत नेला. "वाच ताई, तूच वाच."

ताईने चष्मा लावला. "अहो, छत्तीस आहे हो."

"चौतीस."

"अहो, आकडा लिहिलाय!"

"आकडा काहीही लिहू दे."

ताई मटकन खुर्चीत बसली. "तुम्हाला काठी नकोच आहे," ती म्हणाली. आवाज वर चढला नाही, उलट खाली गेला. "नकोय तर तसं सांगा ना एकदा. ती लांब, ही आखूड. उद्या सोन्याची आणली तर म्हणाल पिवळी आहे. पडा तुम्ही. पडा तिसऱ्यांदा. मी मात्र आता उचलायला येणार नाही. माझीही कंबर गेलीय."

भाऊजी नुसते काठीवरून अंगठा फिरवत राहिले. वरून खाली, खालून वर. आणि मधेच त्यांचा अंगठा थांबला.

"हे काय आहे?"

"तुमच्या टेबलाचा प्रसाद," मी म्हटलं. माझा तोल गेलाच होता. "पितळी खिळे. डोकी नसलेले. सहा धारा घालवल्या माझ्या. सांगायचं तरी आधी!"

भाऊजींनी डोळे मिटले आणि अंगठा पुन्हा वर नेला. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर. ओठ हलत होते. मोजत होते.

"पाच," ते म्हणाले. "सहा खिळे, मधली अंतरं पाच. एकेक अंतर सहा इंच. झाले तीस. वर दोन, खाली दोन. चौतीस."

"कशावरून सहा इंच?"

"आईने ठोकलेत. आईचं अंतर चुकत नाही."

"सासूबाईंनी?" ताई म्हणाली.

भाऊजी काठीकडे बघूनच बोलत राहिले. त्यांची आई, म्हणजे ताईची सासू, तीच आधी दुकान चालवायची. कापड मोजायचं तिने, कापायचं यांनी. एका वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की दोन वर्षांत टेपवरचे आकडे दिसायचे बंद होतील, पुढे माणसंही धुरकट होतील. ती घरी आली. पितळी खिळे आणले आणि दिसत होतं तोवर, दुकानात ती जिथे उभी राहायची त्या, आता भिंतीकडे असलेल्या कडेला, सहा सहा इंचांवर एकेक ठोकून घेतला. पितळ गंजत नाही, कापडाला डाग पडत नाही. मग रोज थोडा वेळ डोळे मिटून बोटाने मोजायचा सराव. पुढची अकरा वर्षं तिने आकडा न बघता कापड मोजलं. गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता. कळलं असतं तर आंधळीच्या हाती कापड कुणी दिलं असतं?

"मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून," भाऊजी म्हणाले. "ती गेली, तेव्हा डोकी कापून मीच वर रेक्झिन मारलं."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे त्या कडेवरून बोट फिरवायच्या ते..."

"मोजायची."

"अहो, मला वाटायचं धूळ आहे का बघतात!" ताई उभीच राहिली. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी ती कड रोज दोनदा पुसली! सून आळशी म्हणतील म्हणून! आणि तुम्ही बघत होतात?"

"शपथ होती."

"शपथ लोकांपासून लपवायची होती! मी काय लोक?"

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. मी विषय बदलला. "ते जाऊ दे. हे खिळे चौतीस म्हणतात, मग टेप छत्तीस कसा म्हणतो?"

भाऊजींनी मान दुसरीकडे वळवली. "टेपचे पहिले दोन इंच मी कापलेत."

"काय केलंत?"

"टोक उसवलं होतं. चांगला टेप टाकायचा कशाला? फाटलेलं कापलं, टोक दुमडून टाके घातले. टेपवर अडतीस आलं की छत्तीस म्हणायचं. दोन वजा करायचे. त्यात काय एवढं?"

मी टेपचं टोक उजेडात धरून बघितलं. काय सुबक शिवलं होतं! आणि सुरुवातीचे पाचसहा आकडे वापरून वापरून पुसलेलेच, त्यामुळे टेप दोनपासून सुरू होतो हे कुणाच्या बापाला कळणार?

"कधी कापलंत हे?"

"झाली असतील बावीस वर्षं."

"आणि सांगितलंत कुणाला?"

"विचारलं कुणी?"

लोकहो, अशा वेळी माणसाने काय करावं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी भुशाने भरलेल्या केसांत दोन्ही हात घालून उभा राहिलो. पण ताई नुसती उभी नव्हती राहिली. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन म्हणाली, "एक विचारते. सासूबाईंनी अकरा वर्षं खिळ्यांचा आधार घेतला, तेव्हा तुम्हाला त्यांची लाज वाटली का?"

"आईची? काहीतरीच काय!"

"मग तुम्हाला काठीची कसली?"

भाऊजींचे कान लाल झाले. आणि ते माझ्यावर घसरले.

"भुश्या, उरलेली पट्टी कुठाय?"

"जळणाच्या पोत्यात."

"जळणाच्या? आईचे खिळे आहेत त्यात!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"माया सोडायला कुणी शिकवलं नाही तुला? माप घेतलं की थोडं जास्तीचं ठेवायचं असतं, पहिल्या दिवशी शिकवतात! छत्तीसवर खूण केली आणि तिथेच कापली? चल. आत्ताच्या आत्ता चल. पोतं पेटलं तर तुला शिवून टाकीन."

आणि ते निघाले.

काठी टेकली, कलले, पाय ओढला, पुन्हा टेकली. टेबल संपलं. भाऊजी संपले नाहीत. दारातून बाहेर, दोन पायऱ्या, एकेक पायरीवर थांबून माझा उद्धार, आणि मग गल्लीत. दहा महिन्यांत ज्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ते भाऊजी दोन इंच आखूड काठीवर वाकडे होत, माझ्या सात पिढ्यांच्या अकलेचं माप काढत चालले होते. मागे मी, दोन्ही हात पसरून, पडले तर झेलायला. त्याच्या मागे ताई, एका हातात त्यांची चप्पल आणि दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमची काठी, तिला अजून एक ओला सदरा लटकलेला.

इस्त्रीवाला दारात आला. "काय मास्तर, आज इकडे?"

भाऊजी थांबले. आता वळतात परत, असं वाटलं.

"या गाढवाने माझी काठी आखूड केली," ते म्हणाले आणि काठी उचलून माझ्याकडे दाखवली. उचलून! तेवढा क्षण दोन पायांवर उभे. "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. लाव आधी." आणि पुढे चालू लागले.

पोतं पेटलं नव्हतं. देवाची कृपा म्हणायची, नाही तर माझा आळस. मी तुकडा शोधून दिला, तीन फुटांच्या वर उरला होता. भाऊजी माझ्या बाकावर बसले आणि दुपारभर उठले नाहीत. त्या तुकड्यातून, खिळ्यांच्या मधली बिनखिळ्याची जागा बघून, मी दोन इंचांचा जोड काढला. काठीच्या खालच्या टोकाला खुंटी पाडून बसवला. "जोड दिसता कामा नये. शिवण आत," मागून आवाज. "तेल एकसारखं लाव. तिथे राहिलं. तिथे नाही रे, तिथे!" छत्तीस इंच भरले. या वेळी माझ्या पोलादी पट्टीने.

भाऊजींनी काठी टेकली. उभे राहिले. खांदे सरळ, मान वर.

"पाव इंच लांब आहे," म्हणाले. पण काठी परत केली नाही.

तेव्हापासून ते तिसऱ्यांदा पडलेले नाहीत. मोठं संकट टळलं, आणि त्याच्या बदल्यात छोटं रोज माझ्या दारी येतं. सकाळी दहाच्या ठोक्याला गल्लीतून ठक ठक ऐकू येतं आणि माझा हात लेथ बंद करायला आपोआप जातो. ते बाकावर बसतात. माझी वाडगी त्यांना बेढब वाटतात, माझ्या मुठींना त्यांच्या मते कंबर नसते. मी चिडतो. ते म्हणतात, "चिडू नकोस, भुसा उडतो." काठी मांडीवर आडवी ठेवलेली असते आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा ठिपक्यांवरून फिरत असतो. सहा, बारा, अठरा. ते त्यांना कळत नसावं.

उरलेल्या तुकड्याचं ताईने मला काही करू दिलं नाही. तिने तो स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलाय. ती त्यावरची धूळ अजून दोनदा पुसते, आता मुद्दाम.

झाली गोष्ट. मी तर सगळा वेळ माझाच वैताग सांगत बसलो. पण तुम्ही घरी जाताना मला विसरलात तरी चालेल, भाऊजींना विसरलात तरी चालेल, त्यांना राग येईल तेवढंच. एवढं करा. कुठे जुनी चौकट, जुनं बाकडं, मोडीत निघालेली फळी दिसली आणि तिच्यात पिवळा ठिपका चमकला, तर त्यावरून एकदा बोट फिरवा आणि त्या शिंपिणीची आठवण काढा. दिसत होतं तोवर तिने एकेक खिळा ठोकून ठेवला.